सातवा प्रश्न

न्हाई न्हाई, ‘रिन्यूअल’ नको, पूस ते — सोनेरी अक्षरात कितीबी झ्याक दिसलं तरी पूस. एबनेझरनं पाठवलंय म्हणून छापायचं, आसं काय न्हाई. माझा पोरगा हाय तो, त्येचं इंग्रजी मला ठावं हाय, मीच शिकवलंय. पुण्यात बसून मोबाईलवर सात शब्द धाडलेत त्येनं — आई, यातला एक निवड, कार्डावर वर मोठा टाकू, खाली तुमची दोघांची नावं, शलमोन आणि हन्ना, लग्नाला चाळीस वर्षं, देवळात, म्हंजी आमच्या चर्चात, मंडळीसमोर परत एकदा वचनं द्यायची, मग जेवण. झालं. त्येला काय, त्येला फोटो पायजेत. पण कार्ड छापणार दौंडात, तुझ्या ह्या दुकानात, आन् वाचणार केडगावात, आन् केडगावात मला सगळे वळखत्यात, दीक्षा. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं मी. अर्थ न सांगणाऱ्याला बाकावर उभं केलंय. तुझी आई व्हती का माझ्या हाताखाली? व्हती? उभी राहिली आसंल मग, इचार तिला.

आता ‘रिन्यूअल’ कशाला म्हणत्यात, सांग. न्हाई येत? सोपं हाय. मुदत संपायच्या आत जो जातो, त्येचं रिन्यूअल. पासाचं व्हतं, विम्याचं व्हतं. माझ्या स्कूटीच्या लायसनला मी दोन वर्षं उशीर केला — इसरले, माणूस हाय — तर तो साहेब काय म्हणला? बाई, आता रिन्यूअल न्हाई, आता परत परीक्षा. एकसष्टाव्या वर्षी मला त्या मैदानावर आठचा आकडा काढायला लावला, सगळी कॉलेजची पोरं बघत उभी. काढला मी. पाय न टेकवता काढला. मग मला सांग, दोन वर्षं उशीर झाला तर सरकार माफ करत न्हाई, आन् इथं आकरा वर्षं गेली तर त्येला रिन्यूअल म्हणायचं?

हां, आकरा. का, तुला कुणी सांगितलं न्हाई? कमाल हाय, इथनं रेल्वे कॉलनी हाकंच्या अंतरावर. आमचे हे रेल्वेत गार्ड व्हते. गार्ड लोकांची झोपायची जागा आसती, रनिंग रूम म्हणत्यात — गाडी आणली, सैपाक तयार, जेवायचं, झोपायचं, दुसरी गाडी घिऊन जायचं. तिथं सैपाकाला सिंधूबाई म्हणून एक व्हती. नवरा गेलेली. दिसायला कायबी न्हाई, मी बघितलीय, माझ्याहून दोन बोटं बुटकी. पण हाताला चव व्हती म्हणं. हे मला म्हणायचे, हन्ना, तुझ्या भाजीत मीठ सुदिक शिस्तीत पडतं. मला वाटायचं कौतुक करतोय.

रिटायर झाले त्या दिवशी मी कोंबडं कापलं, पोरगा-सून पुण्यावरनं आले, शेजारपाजारचे दारात. साताची गाडी गेली, नऊची गेली. हे काय आले न्हाईत. दुसऱ्या दिवशी एका खलाशाच्या हातनं त्यांना मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ धाडलं आन् हार. वाळलेला हार. चिठ्ठी न्हाई, काय न्हाई. तवापास्नं आकरा वर्षं कॉलनीच्या मागं तिच्या खोलीत. आठवड्यातनं एकदा तरी मी दौंडाला यायची, बँकेत, बाजाराला, आन् यायचं तर स्टेशनावरनंच यावं लागतं — हे बाकड्यावर बसलेले आसायचे, पेपर वाचत. मला बघितलं की पेपर वर. एवढाच संसार आमचा. तू टाईप करू नकोस हे. हे कार्डाचं न्हाई.

मग पुढचा शब्द — ‘रिव्हायवल’. हसू नकोस, तो तर अजाबात नको. आमच्यात रिव्हायवल म्हंजी उन्हाळ्यात मांडव पडायचा, भाईरचा कोण उपदेशक यायचा, पेटी, ढोलकी, चार रात्री सभा. लोक पुढं जाऊन गुडघ्यावर बसायचे, पापं सांगायचे, रडायचे. मी ह्यांना पहिल्यांदा तिथंच बघितलं. असा उंच माणूस गुडघे टेकून रडतोय, म्हणून मी भाळले — एकवीस वर्षांची, अक्कल काय आसती. नंतर कळलं, हे दर वरसाला रडत्यात. दर वरसाला पुढं जायचे, मंडळी म्हणायची, शलमोन नवा झाला. मी म्हणायची, मग जुना कुठं ठेवला, तोच घरी येतोय सारखा. तर ते रिव्हायवल. विम्यातबी हाच शब्द हाय बघ — पॉलिसी बंद पडली, मेली, तिला परत उठवायची म्हंजी रिव्हायवल. आधी डॉक्टरचा दाखला मागत्यात, की बाबा हा माणूस उठवायच्या लायकीचा हाय का. ह्यांचा दाखला कोण देणार?

‘रिजनरेशन’ ते फिजिओवाल्याचं हाय. एबनेझरनं तिथनंच उचललं आसणार. येतो तो मुलगा दिवसाआड, ह्यांचा हात वर करतो खाली करतो, म्हणतो, आजी, नर्व्हचं रिजनरेशन व्हतं, धीर धरा. मी म्हणलं, पालीची शेपटी तुटली तर परत येती, पण आखूड येती आन् रंगानं येगळी, मी काय शेपटीसाठी धीर धरू? तवापास्नं तो माझ्याशी बोलत न्हाई, नुसता हात हलवून जातो. ‘रिजुविनेशन’ — ते कवठ्याला माझ्या भावाच्या आंब्यांचं केलं, म्हातारी झाडं गुडघ्यापातुर छाटली, बुंध्याला गेरू फासला. दोन मेली, एक फुटलं. ते कार्डावर टाकलं तर मंडळी हसंल, पार्लरची जाहिरात वाटंल.

झटका आला कवा म्हणतीस? गेल्या वरसाच्या श्रावणात. उजवी बाजू गेली आन् बोलणं गेलं. सिंधूबाई घिऊन गेली त्यांना दवाखान्यात, रिक्षात घालून. तिथं मेंदूतली रक्ताची गाठ काढायची तर सही लागती — आन् कागदावर रकाना आसतो, पेशंटशी नातं. आता ती काय लिहिणार? आकरा वर्षं शेंगोळी करून घातली, आसं लिहिणार? लिहिताच येईना. मग मला फोन. आकरा वर्षांत पयल्यांदा तिचा आवाज ऐकला मी. म्हणती, बाई, तुम्ही या, तुमच्याबिगर व्हत न्हाई. मी आले. घाईनं न्हाई आले, आंघोळ केली, इस्त्रीचं लुगडं नेसले, जेवले, मग आले. ती बाकड्यावर बसलेली, ह्यांच्या चपला मांडीवर घिऊन. मी रकान्यात लिहिलं — पत्नी. मराठीत लिहिलं, इंग्रजीतबी लिहिलं, दोनदा. आन् तिला म्हणलं, चपला ठेव तिथं, आन् जा आता.

म्हणून म्हणते, ‘रिस्टोरेशन’ टाक. एबनेझरच्या यादीत पाचवा हाय बघ. चोरीचा माल सापडला की मालकाच्या ताब्यात देत्यात, सही घिऊन — त्येला म्हणत्यात रिस्टोरेशन. मोठ्या अक्षरात. लाल नको, निळ्यात कर. छान दिसतंय. झालं, कार्डाचं झालं. आन् एक कार्ड येगळं काढ, त्यावर नाव मी हातानं लिहिणार हाय. सिंधूबाई. पुढं सौभाग्यवती न्हाई, श्रीमती न्हाई, आडनाव न्हाई.

येणार की. न येऊन जाती कुठं. दर गुरुवारी येती ती, दौंडावरनं डेमू गाडीनं, आमच्या फाटकापातुर. डबा आसतो हातात. मी एकदाबी आत घेतलं न्हाई. डबा घेते. शेंगोळी, न्हाईतर मासवडी, न्हाईतर हुलग्याचं माडगं — ह्यांना आवडतं ते. मीच खाते ते सगळं, ह्यांच्याच समोर बसून, ह्यांना भात भरवत भरवत. खरंच चव हाय हाताला. मग डबा घासून पुसून फाटकावर लटकवते, ती पुढच्या गुरुवारी नेती. तिनं एकदा इचारलं, जेवले का. मी म्हणलं, समदं संपलं बघ. खोटं बोलले का मी? न्हाई की. मी खोटं बोलत न्हाई, मला शाळेपास्नं सवय न्हाई.

पाणी दे जरा. तुझा तो इन्व्हर्टर किती वरडतो.

आता दुसरा कागद घे. कार्डाचं सोड. ही भक्तीची पत्रिका — म्हंजी देवळात त्या दिवशी सगळ्यांच्या हातात द्यायची, कुठलं गीत कवा, प्रार्थना कवा, पाळकसाहेब काय इचारणार, उत्तर काय. दीडशे प्रती. आमचे पाळकसाहेब नवीन हायत, तीन महिने झाले आलेत, कुणाचं कायबी ठावं न्हाई त्यांना. आन् स्वभावानं भित्रे. छापलेलं आसलं की वाचत्यात. छापलेलं म्हंजी कमिटीनं पास केलेलं, आसं त्यांना वाटतं. कमिटीची सेक्रेटरी मीच हाय. तर हे प्रश्न हायत, सात. माझ्या अक्षरात हायत, तुला लागंल, फळ्यावरचं अक्षर हाय. चल, लिही.

पयला — शलमोन, तू चाळीस वर्षांपूर्वी या देवळात हन्नाला वचन दिले होते काय? उत्तर, होय. दुसरा — ते वचन तू मोडलेस काय? होय. तिसरा — तू अकरा वर्षे परस्त्रीच्या घरी राहिलास काय? होय. चौथा... का थांबलीस? लिही. चौथा — तिच्या घरी तू आजारी पडलास, तेव्हा तिने तुला हन्नाच्या स्वाधीन केले काय? हा जरा लांब झालाय, पण राहू दे, तिनं ऐकला पायजे. पाचवा — हन्नाने तुझी सेवा केली काय? सहावा — तुला पस्तावा होतो काय? होय, होय. असं बघू नकोस माझ्याकडं. प्रश्नात एकतरी खोटं हाय का, दाखव. न्हाई ना.

हां, तू हे इचारणार मला ठावं व्हतं. बोलता येत न्हाई मग उत्तर कसं देणार. देणार. एक शब्द राहिलाय त्यांच्याकडं. ‘व्हय.’ सगळी भाषा गेली, मराठी गेली, रेल्वेतलं हिंदी गेलं, इंग्रजी तर कवा नव्हतंच — हा एक शब्द राहिला. डॉक्टर म्हणले, असं व्हतं कुणाकुणाचं, एकच शब्द उरतो, इच्छा आसो नसो तोच येतो तोंडातनं. भूक लागली का? व्हय. जेवण झालं का? व्हय. दिवस हाय का? व्हय. रात हाय का? व्हय. मी पयल्या आठवड्यात लई हसले. आयुष्यभर ज्या माणसानं माझ्या एका गोष्टीला व्हय म्हणलं न्हाई, तो आता दिवसभर व्हयच म्हणतोय. मी म्हणलं, तुम्ही गाढव हाय का? व्हय. चोर हाय का? व्हय. तुमची आई... जाऊ दे.

तीन आठवडे तालीम घेतली मी त्यांची. रोज सकाळी चहाच्या आधी. खुर्चीत बसवायचं, मान सरळ करायची, आन् समोर उभं राहून प्रश्न वाचायचे, पाळकसाहेबांच्या आवाजात. पयला, व्हय. दुसरा, व्हय. तिसरा, व्हय. मागं-पुढं करून इचारलं तरी व्हय. मला वाटलं, पोपट पढला. आता काय चुकत न्हाई. मंडळी ऐकंल, ती ऐकंल, पयल्या बाकावर बसवणार हाय मी तिला. आन् मग मी सातवा इचारला.

सातवा अजून लिहिला न्हाईस तू. लिही. शलमोन, तू हन्नाला आपली पत्नी म्हणून पुन्हा पत्करतोस काय?

गप. गप राहिले ते. मी म्हणलं, ऐकू आलं नसंल, परत वाचला. गप. भिंतीकडं बघत बसले. मी चहाचा कप समोर धरला, वाफ नाकात जाईल आसा, आन् परत इचारलं — न्हाई. मग म्हणलं, डोकं थकलं आसंल, म्हणून तिसरा इचारला मधीच, परस्त्रीच्या घरी राहिलास काय? लगीच व्हय. सातवा? गप. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. चहा गार व्हायचा, मी मोरीत ओतायची, त्यांच्या डोळ्यांदेखत. चहाचं लई वेड हाय त्यांना. पंधरा दिवस झाले, चहा न्हाई पोटात. गप.

न्हाई गं, काय कळत न्हाई त्यांना आसं तू म्हणतीस — तसंच मी म्हणत व्हते. पण कळत नसतं तर सातव्यालाबी व्हय आलं आसतं, न्हाई का? डॉक्टर म्हणला व्हता ना, इच्छा नसताना येतो तो शब्द. मग तो गिळायला किती जोर लागत आसंल. ओठ सुदिक थरथरत्यात बघ, शब्द पुढं येतो आन् हा माणूस दात मिटून तो मागं ढकलतो. म्हंजी समदं कळतंय. म्हंजी बाकीचे सहा व्हय खरे हायत. मला आधी आनंदच झाला — म्हणलं, पस्तावा खरा हाय. मग मला दुर्बुद्धी सुचली. परवाच्या दिवशी, कुणी नव्हतं, मी खाली वाकून हळूच इचारलं, सिंधूची आठवण येती का.

व्हय.

जायचं का तिच्याकडं. व्हय, म्हणले. आन् रडले. मांडवात रडायचे तसं न्हाई, आवाज न करता. आकरा वर्षं मी एकटीनं काढली, दीक्षा, कुणी माझ्या डोळ्यात पाणी बघितलं न्हाई. मी काय त्यांना मारणार हाय का? मला त्यांच्या तोंडून एकदा ते पायजे. एकदाच, सगळ्यांसमोर, तिच्यासमोर. खोटं आसलं तरी चालंल मला, खोटंच पायजे म्हण. बाकी सगळ्याला खोटं व्हय म्हणतो हा माणूस, फकस्त मलाच न्हाई.

काढून टाकू म्हणतीस सातवा? सगळा समारंभच रद्द करू? तुझं लग्न झालं न्हाई वाटतं. न्हाई ना. मग तू टाईप कर.

आता ऐक नीट. सातव्याचं उत्तर लिही, ‘होय’. बाकीच्या सहांचं जसं हाय तसं, ‘शलमोन’ म्हणून पुढं ‘होय’. सातव्याला ‘शलमोन’ पूस. तिथं लिही — ‘सर्व मंडळी’. आन् ते ‘होय’ जाड कर. जाड, व्हय, काळं जाड. तुझ्यात न्हाई ते, तुला ठावं नसणार — आमच्या देवळात पत्रिकेत जे जाड छापलेलं आसतं ते सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं आसतं. सवयच हाय, लहानपणापास्नंची, कुणी अर्थ बघत न्हाई. मागं एकदा नाताळात छापणाऱ्याच्या चुकीनं ‘बसावे’ जाड झालं, तर तीनशे माणसं उभी राहून एका आवाजात म्हणली, बसावे. कुणी हसलं सुदिक न्हाई. तर पाळकसाहेब सातवा प्रश्न इचारतील, हे गप बसतील — बसू देत, कितीबी दात मिटू देत — आन् समद्या मंडळीचा आवाज येईल, होय. त्या आवाजात ह्यांचं गप बसणं कुणाला ऐकू येतंय. जगासमोर झालं म्हंजी झालं.

आन् तिच्याबी हातात पत्रिका आसणारच की. वाचता येतं तिला, चौथी झालीय, मी गेल्या गुरुवारी फाटकात इचारून घेतलंय. मी पुढनं तिच्याकडंच बघत उभी राहणार हाय. चारी बाजूनं माणसं म्हणत आसताना एकटी कशी गप बसंल ती, तिलाबी म्हणावं लागंल.

जाड केलंस? दाखव. न्हाई, अजून जाड. हां. दीडशे काढ, आन् डोळे पूस ते, कागदावर पडंल. माझी डेमू निघंल आता.